मोन्सच्या यीस्टचा खुराक

सिन्नेवाचे पत्र मला आले त्याला या ऑक्टोबरात एकोणीस वर्षे झाली. मी त्याला उत्तर दिले नाही. पत्र हरवले असते तर निदान तेवढी सबब तरी मिळाली असती. पण मी चाळीस वर्षे गावच्या वाचनालयात काढली आहेत, माझ्या हातून कागद हरवत नाही. ते शब्दकोशाच्या चौथ्या खंडात आहे. त्यामुळे त्या खंडातला शब्द अडला, की मी तो न पाहताच पुढे जातो.

पत्र अर्ध्या पानाचे होते. तिचे वडील मोन्स वसंतात गेले. त्याच उन्हाळ्यात घरचे यीस्ट आंबट होऊन वाया गेले. वडिलांनी फार पूर्वी मला त्यातले थोडे दिले होते. उरले असेल तर चिमूटभर परत पाठवावे. आमच्या फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, काठाने ही रीतच आहे. बिअर घरची, तसे यीस्टही घरचे, आजोबा-पणजोबांपासून वाळवून ठेवलेले. एखाद्याचे बिघडले तर ज्याला आपण कधी दिले होते त्याच्याकडून मागून आणायचे. मागण्यात कमीपणा नाही आणि नाही म्हणण्याची सोय नाही. पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ होती : 'आणि तू ओरडायला शिकलास का?'

हे ओरडणेही रीतीतलेच. कोमट गोड काढ्यात यीस्ट सोडताना मोठ्याने आरोळी ठोकायची, म्हणजे यीस्ट चिडते आणि कामाला लागते. गुपचूप सोडले तर बिअर पुळचट होते असे म्हणतात. मी गावात नवा असताना मोन्सने मला फ्योर्डपलीकडच्या आपल्या भट्टीच्या खोपटात बोलावले, यीस्टचा पेला हातात दिला आणि दहा माणसांसमोर म्हणाला, "हं, ओरड." मी खोकलो. सगळे हसले. सिन्नेवा हसली नाही. ती म्हणाली, "ऐकू गेलं असेल त्याला."

तर उत्तर. पहिल्या आठवड्यात मी तीन मसुदे केले आणि तिन्हींत वडिलांबद्दलचे वाक्य खोटे वाटले. महिना गेल्यावर उशिराबद्दल क्षमा मागणे आले. वर्ष गेल्यावर क्षमेला कारण जोडणे आले, आणि खरे कारण असे होते की मला चांगले पत्र लिहायचे होते. हे कारण कोणत्याही पत्रात चांगले दिसत नाही. पाच वर्षांनंतर मी मोजणे सोडले. म्हणजे मोजत होतो, पण मसुदे सोडले.

यंदा ऑक्टोबरात ब्रिताबाई माझ्याकडे आल्या. त्यांची शेती आमच्या वर टेकडीवर आहे. त्या माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या आहेत आणि मला अजून नवा समजतात.

"मोन्सची सिन्नेवा घर विकतेय," त्या म्हणाल्या. "वसंतात बर्गनला जाणार लेकीकडे, फ्लॅटात. ही नाताळची बिअर शेवटची."

"असं का," मी म्हणालो.

"आणि ती कशानं करणार, माहितेय? पाकिटातल्या यीस्टनं. दुकानातल्या. गेली एकोणीस वर्षं पाकिटावर काढली तिनं. मोन्सच्या भट्टीत पाकीट. कुणाकडे त्याचं थोडं जरी असतं ना..."

मी कॉफी ओतत होतो. ती बशीत गेली.

"पाच डिसेंबरला लावणार आहे म्हणे," ब्रिताबाई बशीकडे पाहत म्हणाल्या आणि बशीतूनच प्यायल्या.

त्या गेल्यावर मी फ्रीझर उघडला. वाटाण्याच्या पिशव्यांमागे मुरंब्याची एक बाटली होती. तीत मोन्सच्या यीस्टचे पापुद्रे होते, मातकट रंगाचे, गव्हाच्या कोंड्यासारखे. मी त्याची बिअर दोनदाच केली होती, दोन्ही वेळा खोकून, आणि दोन्ही वेळा ती लोकांनी सौजन्याने प्यायली होती. त्यालाही एकवीस वर्षे झाली. मी माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, काढा केला, दुधाइतका कोमट होऊ दिला, निम्मे पापुद्रे सोडले आणि बाटली गरम पाण्याच्या पिशवीशेजारी ठेवून वाट पाहिली. तीन दिवसांत काहीच झाले नाही. अगदी तळाशी एक बुडबुडा होता, पण तो माझ्या चमच्याबरोबर आत आला असावा.

अडचणीत माणसे माणसांकडे जातात. मी वाचनालयात गेलो. तिथे आता मला कार्ड दाखवावे लागते. भट्टीविषयीच्या एका पुस्तकात लिहिले होते, की अशक्त यीस्टला उत्तम खुराक म्हणजे दुसरे, जुने, निकामी यीस्ट. ते खळखळ उकळायचे, म्हणजे मरते. मग तो रस्सा जिवंताला पाजायचा. मेलेल्यांच्या अंगात जे काही सत्त्व असते ते सगळे जिवंताला लागते. मी हे वाक्य दोनदा वाचले. भाऊबंदांचा रस्सा करून आजाऱ्याला पाजणे हा प्रकार मला बरा वाटला नाही. पण पाच डिसेंबर जवळ येत होता.

माझ्याकडे जुने यीस्ट नव्हते. मी शेजारच्या हालवारकडे गेलो. आम्ही म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या चार घरांच्या ओळीत राहतो. तो दुसऱ्या घरात, मी तिसऱ्या. तो जन्मभर फेरीबोटीवर इंजिनियर होता आणि त्याला प्रत्येक गोष्टीतला बिघाड आवाजावरून कळतो.

"चमचाभर टाकाऊ यीस्ट हवं होतं," मी म्हणालो. "पिंपाच्या तळाचं. फेकायचंच असेल ते."

"कशाला?"

खरे सांगायचे तर पत्रापासून सुरुवात करावी लागली असती. "एक प्रयोग आहे," मी म्हणालो.

"प्रयोग," हालवार म्हणाला. "बिअर करतोयस तू. या वयात. तुला तळाचा गाळ देऊ मी? आमच्या घरात असं कुणी कुणाला दिलेलं नाही. बस."

इथे माझी चूक झाली, आणि ती चूक गावात बेचाळीस वर्षे राहिलेल्या माणसाने करायला नको होती. आमच्याकडे शेजाऱ्याला कुणी टाकाऊ देत नाही. जुना कोट देतात तो धुऊन, बटणे लावून. यीस्टची तर गोष्टच वेगळी. ते घराचे नाव असते. दुसऱ्या दिवशी हालवारने आपल्या आजोबांचे यीस्ट आणून दिले, काचेच्या स्वच्छ बरणीत, झाकणाखाली पांढरे फडके लावून. दुपारी ब्रिताबाई आपल्या आईचे घेऊन आल्या, कारण हालवारचे गेले आणि त्यांचे नाही हे त्यांना चालण्यासारखे नव्हते. शनिवारपर्यंत माझ्या ओट्यावर सात बरण्या झाल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी. 'थंड करू नये.' 'याला घाई आवडत नाही.' 'जोरात ओरड, हे जरा बहिरं आहे.' एका मध्यम वयाच्या गृहस्थांनी तर आपल्या बरणीची ओळख करून देताना टोपी काढली.

मी एकच चमचा मागितला होता, तोही फेकण्यालायक. आता माझ्यासमोर सात घराण्यांची अब्रू होती आणि मला ती उकळायची होती. बरण्या परत करणे हा अपमान. एकाचीच वापरणे हा बाकी सहांचा अपमान. मी बराच विचार केला आणि न्यायाच्या दृष्टीने निर्णय घेतला, की प्रत्येकाचे सारखे दोन-दोन चमचे घ्यावेत. निःपक्षपातीपणाने माणूस किती मोठा गुन्हा करू शकतो, याचा मला तोवर अनुभव नव्हता.

पातेले शेगडीवर चढले. वासाबद्दल एवढेच सांगतो, की सुरुवातीला पाव भाजल्यासारखा आला, मग मटणाच्या रश्श्यासारखा, आणि मग ओले लोकरी मोजे रश्श्यात पडल्यासारखा. पुस्तकाने पंधरा मिनिटे सांगितली होती. पातेल्याच्या कडेला बुडबुडे धरू लागले, तेवढ्यात दारावर हालवार.

"आर्नफिन, काय मेलंय तुझ्याकडे?"

त्याचे आजोबा, असे उत्तर मनात आले. मी शेगडी बंद केली, झाकण ठेवले आणि दारात जाऊन म्हणालो, "सूप."

"कशाचं?"

"मिश्र."

तो आत डोकावत वीस मिनिटे उभा राहिला आणि मला गटाराची रचना समजावून सांगितली. तो गेल्यावर मी परत आलो तेव्हा पातेले कोमट झाले होते. मी त्यातला रस्सा मोन्सच्या बाटलीत ओतला. ओतून झाल्यावर माझ्या मनात आले : उकळी नीट फुटली होती का?

सकाळी बाटलीवर चार बोटे फेस होता. संत्र्याच्या सालीचा वास येत होता. बाटली मांजरासारखी गुरगुरत होती. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. मी ओट्याजवळ स्टूल घेऊन बसलो आणि शंका काढल्या. रस्सा पुरता मेला असेल तर हे मोन्सचे यीस्ट, एकवीस वर्षांनी उठलेले. मेला नसेल तर हे हालवारचे, किंवा ब्रिताबाईंचे, किंवा टोपीवाल्या गृहस्थांचे. एकोणीस वर्षे उत्तर न देणे वाईट. पण सिन्नेवाला तिच्या वडिलांचे म्हणून हालवारच्या आजोबांचे यीस्ट पाठवणे हे त्याहून वाईट होते. आणि तिने ते शेवटच्या बिअरला वापरले असते.

याच सुमारास नगरपालिकेचे पत्र आले. चौथ्या घरातून वासाची तक्रार गेली होती. सोबत एक अर्ज होता : निवासस्थानी पाळीव प्राणी, पक्षी अथवा अन्य सजीव आहेत का? असल्यास संख्या. मी खोटे लिहीत नाही. मी दोन पाने लिहिली. सजीव या शब्दात काय येते. मोजणी साधारण अब्जांत करावी लागेल. त्यांपैकी सात घराण्यांचे सजीव मृत असावेत, पण याची मला खात्री नाही. खाली तळटीप दिली. पत्र त्याच दिवशी टाकले. टाकून परतताना लक्षात आले, की नगरपालिकेला मी चार तासांत उत्तर दिले होते.

दोन दिवसांनी तिथल्या बाईंचा फोन आला. लहानपणी त्या वाचनालयात यायच्या. "मी वाचलं सगळं," त्या म्हणाल्या. "फार छान लिहिलंय. पण तुम्ही नुसतं 'नाही' लिहा ना."

शंका मिटवायचा एकच मार्ग होता : त्या यीस्टची बिअर करायची आणि एलिंगला पाजायची. एलिंग तरुणपणी अकरा वर्षे मोन्सच्या शेतावर गडी होता. आता तो ब्रिताबाईंच्या मागच्या घरात एकटा राहतो आणि दिवसाला पाच-सहा शब्द बोलतो. मोन्सच्या बिअरची चव ज्याच्या जिभेवर आहे असा आमच्या बाजूला तो शेवटचा माणूस.

ब्रिताबाईंनी आपले भट्टीचे खोपट दिले, आणि त्याबरोबर स्वतःलाही. चवीसाठी पाण्यात घालायच्या जुनिपरच्या फांद्या त्यांच्या मते मी आधी कमी घातल्या, मग जास्त घातल्या. माल्ट मी सावकाश ढवळत होतो, म्हणून त्यांनी काठी काढून घेतली. हालवार भिंतीला कान लावून म्हणाला, की विस्तवाचा आवाज बरोबर नाही. दुपारी काढा कोमट झाला. बाहेर बर्फ भुरभुरत होता. मी मोन्सच्या यीस्टची बाटली घेऊन पिंपाशी उभा राहिलो.

"हं," ब्रिताबाई म्हणाल्या. "ओरड."

मी खोकलो.

"हे काय?"

"मला येत नाही," मी म्हणालो.

"जन्मात कधी मोठ्यानं बोलला नाहीस?"

मी आठवून पाहिले. चाळीस वर्षे मी लोकांना हळू बोला असे सांगत होतो, तेही हळू. फक्त एकदा, सत्त्याऐंशी साली, जहाजांच्या इतिहासाचा दुर्मीळ खंड अकरा वर्षे न परतवता फेरीबोटीवर चढणाऱ्या एका माणसाला पाहून मी धक्क्यावरून एक वाक्य ओरडलो होतो. तेच तोंडातून निघाले.

"मुदत उलटून गेली!"

खोपटातली कोंबडी बाहेर पळाली. हालवारने भिंतीवरचा कान काढला.

"हे असलं कुणी ओरडतं का?" तो म्हणाला.

"आवाज बरा आहे," ब्रिताबाई म्हणाल्या. "ओत."

तिसऱ्या दिवशी बिअर पिंपातून काढायची होती. त्या दिवशी कुणाला बोलावत नाहीत. धूर थांबल्यापासून दिवस मोजून लोक आपोआप येतात. सातही बरण्यांचे मालक आले. लाकडी वाडगा पहिल्यांदा हालवारकडे गेला. त्याने घोट घेतला, डोळे मिटले.

"संत्र्याची साल," तो म्हणाला. "आमचे आजोबा. अगदी हेच."

"संत्रं काय, सगळ्यांच्यात असतं," ब्रिताबाईंनी वाडगा ओढून घेतला. "शेवटची ऊब बघ. घशाखाली उतरताना. ही माझ्या आईची."

टोपीवाल्या गृहस्थांना त्यात आपल्या काकांचा मध सापडला. बाकीच्यांनाही आपापले सापडले. इतके समाधान मी आमच्या गावात एका ठिकाणी पाहिलेले नाही. ते तसेच राहू दिले असते तर मी आज या गावात लोकप्रिय असतो. पण हालवारने विचारले, "आमचं किती घातलंस, खरं सांग. निम्मं?"

मी वाडग्याकडे पाहिले. मला खोटे लिहिता येत नाही. बोलता येते का, हे मी कधी तपासलेले नव्हते.

"दोन चमचे," मी म्हणालो. "सगळ्यांचेच दोन-दोन. उकळून."

"उकळून म्हणजे?"

"मारून. खुराक म्हणून. पिंपात जिवंत आहे ते मोन्सचं. म्हणजे, असावं. सिन्नेवाला पाठवायचंय, तिच्या शेवटच्या बिअरसाठी. तिनं मागितलं होतं."

"कधी मागितलं?" ब्रिताबाईंनी विचारले.

"एकोणीस वर्षं झाली."

पिंपातून फेस फुटल्याची चुरचुर ऐकू येत होती.

"त्या दिवशीचं सूप," हालवार हळूच म्हणाला. "मी दारात उभा होतो. वास घेत होतो. माझ्याच आजोबांचा."

"आईला मी फडक्यात गुंडाळून आणलं होतं," ब्रिताबाई म्हणाल्या. "अंगाशी धरून, थंडी लागू नये म्हणून. आणि यानं तिला रश्श्यात घातलं."

टोपीवाल्या गृहस्थांनी टोपी घातली. मी म्हणालो, की मी टाकाऊच मागितले होते. त्यावर सगळ्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी ते वाक्य मागे घेतले.

एलिंग आतापर्यंत दाराशी उभा होता. ब्रिताबाईंनी त्याच्याकडे वाडगा जवळजवळ फेकला. "घे. तू सांग. कुणाचं आहे हे? मोन्सचं नसेल तर हा माणूस सात घरं उकळून बसलाय फुकटचा."

एलिंगने घोट घेतला. वाडगा खाली केला. परत वर केला आणि सगळा संपवला. त्याला घाई नव्हती, मला होती. मी त्याच्या गळ्याची हालचाल मोजत होतो. सिन्नेवाच्या पत्राला माझे काय उत्तर जाणार, ते आता त्या गळ्यात होते.

"मोन्स," एलिंग म्हणाला.

"नक्की?" मी विचारले.

त्याने बाहीने तोंड पुसले आणि आपला त्या दिवसाचा सगळा साठा खर्च केला. "मोन्सच. पण मोन्सची बिअर अंगानं किडकिडीत असायची. ही भरलीय."

मग हालवारने वाडगा पुन्हा भरला आणि उजेडात धरला.

"अंग आमचं," तो म्हणाला.

"तुझं एकट्याचं नाही," ब्रिताबाई म्हणाल्या. "सगळ्यांचे दोन-दोन चमचे होते."

टोपी पुन्हा निघाली. मला मात्र त्या संध्याकाळी कुणी वाडगा दिला नाही. मी खोपटाच्या कोपऱ्यात पिंपाच्या तळाचे दाट यीस्ट पाव भाजायच्या कागदावर पसरत बसलो. जाताना ब्रिताबाई माझ्याशी थांबल्या.

"माझ्या आईचं आणखी लागलं तर माग," त्या म्हणाल्या. "पण आधी सांग."

कागदावरचे यीस्ट चार दिवसांत वाळले. मग पत्र. मी पहिला मसुदा सहा पानांचा केला. त्यात एकोणीस वर्षांचा खुलासा होता, क्षमा तीन ठिकाणी होती, आणि रश्श्यासंबंधी तळटीप. दुसरा मसुदा आठ पानांचा झाला. तेव्हा मला पाकिटाची जाडी लक्षात आली : पत्र ठेवले तर यीस्ट मावत नव्हते. बेचाळीस वर्षांत प्रथमच माझ्या लिखाणाला संपादक मिळाला. मी चौथा खंड उघडून तिचे पत्र काढले आणि त्यात नेमके काय विचारले आहे ते पाहिले.

सत्तावीस नोव्हेंबरला मी किराणा दुकानात गेलो. पोस्टाचे काउंटर तिथेच आहे, माशांच्या बर्फाशेजारी. आउद नावाची मुलगी ते सांभाळते.

"काय आहे यात, आर्नफिनकाका? खुळखुळतंय."

"यीस्ट."

"सजीव?" तिने यादी काढली. "सजीव असेल तर वेगळा अर्ज आहे."

"झोपलेलं आहे," मी म्हणालो. "आणि त्यात सात घरांचं मेलेलंही असावं. प्रमाण नक्की सांगता येणार नाही."

मागे रांग झाली होती. रांगेत हालवार होता, हातात कॉड मासा घेऊन.

"वाळवलेला खाद्यपदार्थ लिही गं," तो म्हणाला. "नाहीतर हा इथे दोन पानं लिहील. आणि नीट ठेव, आमचे आजोबा आहेत त्यात."

आउदने तसे लिहिले, तिकीट लावले आणि बाहेरच्या लाल पेटीत टाकायला सांगितले. गाडी तीनला येते. पाकिटात एक घडी होती. तीवर एवढेच होते :

'सिन्नेवा, तुझ्या दोन प्रश्नांची उत्तरे. यीस्ट सोबत आहे. एलिंग म्हणतो, मोन्सचेच. दुसऱ्याचे : हो, एकदा. आर्नफिन.'

मी पेटीशी थोडा वेळ उभा राहिलो. 'हो' नंतरचा स्वल्पविराम तिथे हवा होता का, याची मला खात्री नव्हती. मग पाकीट सोडले. ते आत पडल्याचा आवाज आला. मी हात घालून पाहिला. फट अरुंद आहे.